आबांच्या इंजिनातली घंटा

परवा सासऱ्यांना घेऊन रेडीला गेले. आबांचं वय ब्याऐंशी, हट्ट मात्र पाच वर्षांच्या पोराचा... "माझा इंजिन कापूच्या आधी माका एकदा दाखव गो."

तिथे बंदराजवळ, बंद पडलेल्या एका खनिज कंपनीच्या यार्डात, वॅगन ढकलणारं छोटं डिझेल इंजिन उभं होतं. तसं दुसरं कुठेच नाही आणि ते मीच बांधलंय, असं आबा कायम सांगायचे. माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली. पाहुणे आले की आबांची ही गोष्ट ठरलेली, आणि स्वयंपाकघरात माझं हसणंही ठरलेलं...

आबा मूळचे लाँचवरचे, म्हणजे मोटरबोटीवरचे मेकॅनिक. असा माणूस रुळावरचं इंजिन बांधेल, हे पटणार तरी कसं?

यार्डात गॅस कटर तयारच होता. सुपरवायझर भला माणूस, पण म्हणाला, "आजोबा, याच्यावर बनवणाऱ्याची प्लेटच नाही. कुठून आणलं कोणास ठाऊक." आबांचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं.

मग त्यानेच विचारलं, "पण ही घंटा केबिनच्या आत, ड्रायव्हरच्या कानाशी कशाला?"

आबा लाजले. चक्क लाजले!

"लाँचीर तांडेल वर सुकाणू धरून, इंजिनवालो खाली. त्येका भायरचा काय दिसना नाय, म्हणान तांडेल घंटा मारता. सवयीन हयसर पण लावलंय... मगे कळला, हय ड्रायव्हराक सगळा दिसता, घंटा मारतलो कोण? सगळे हसले माका."

पण, आबा पुढे सांगू लागले, वॅगन पुढे ढकलत जेटीवर नेताना ड्रायव्हरला समोरचं दिसेना. तेव्हा सगळ्यात पुढच्या वॅगनवरच्या माणसाच्या हातात त्याच घंटेची दोरी आली. एक टोल म्हणजे चल, दोन म्हणजे थांब.

बढाया मारणारा माणूस स्वतःची फजिती अशी सांगत नाही हो... लाँचवाल्याशिवाय ही चूक करणार तरी कोण? मला आबांकडे बघवेना.

सुपरवायझर घंटा काढून द्यायला पुढे झाला. आबांनी त्याला हातानेच थांबवलं. आत चढले, पत्र्यावर हात ठेवला आणि सावकाश दोन टोल दिले.

"खूप राबलंस. आता रव."

मगच त्यांनी घंटा काढू दिली. ती आता आमच्या ओटीवर टांगली आहे. आबा, तुम्ही फेसबुक वाचत नाही, तरी इथे सगळ्यांसमोर सांगते... चुकलं माझं. यापुढे पाहुणे आले की ही गोष्ट मी सांगणार, आणि तुम्ही फक्त घंटा वाजवायची.