दोनशे अकरा बायका

पाकीटमाराची मला एवढी किळस येत नाही. तो पाकीट मारतो आणि निदान पळून तरी जातो. आमच्या कॉलेजातले इतिहासाचे विभागप्रमुख चोरतात आणि वर प्रामाणिकपणावर भाषण ठोकतात. मुलांनी त्यांचं नाव ठेवलंय कात्रीसर. इथून कापायचं, तिथे चिकटवायचं, झालं संशोधन! मी ग्रंथालयातली शिपाई, अठ्ठावीस वर्षं इथली कपाटं पुसतेय. कुठलं पुस्तक कोणी कशासाठी नेलं, हे मला न विचारता कळतं.

ग्रंथपाल बाई त्यांच्या अगदी उलट. त्यांच्या टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असायचा. मुलगा टिपण घ्यायला बसला की बाई त्याच्यापुढे चिठ्ठी सरकवायच्या. "कुठून घेतलंस ते आधी लिही, काय घेतलंस ते मग. पान नंबर राहिला तर मी वही बंद करीन." आणि करायच्याही. त्यांचे यजमान एकदा मला म्हणाले, "घरी नुसतं 'भाजी छान झालीय' म्हटलं तरी ही विचारते, कोणाच्या मते?"

सहा वर्षांपूर्वी कात्रीसरांचं पुस्तक आलं, गावातल्या बंद पडलेल्या कापडगिरणीवर. मी ते कपाटात लावत होते तेव्हा बाई चाळता चाळता थांबल्या. गिरणीतल्या बायकांवरचं अख्खं प्रकरण बाईंच्या स्वतःच्या तरुणपणीच्या प्रबंधातून उचललेलं होतं. बाईंचं नाव कुठेही नव्हतं. मी म्हटलं, "बाई, ओरडा की!" तर म्हणे, "जाऊ दे गं. मुलांना नीट शिकवतेय ना, तेवढं पुरे." मला त्या दिवशी त्यांचाही राग आला. कसलं पुरे?

यंदा एका शिंप्याच्या मुलीने प्रकल्पाला तोच विषय घेतला. बाईंनी तिला सरांचं पुस्तक दिलंच नाही, गिरणीचं जुनं हजेरीबुक काढून दिलं. "मूळ कागद वाच. मोज." पोरगी तीन आठवडे खाली मान घालून मोजत होती. बायका निघाल्या दोनशे अकरा.

कात्रीसरांनी तिला नापास केलं. का, तर त्यांच्या पुस्तकात दोनशे बारा आहेत! "साधा आकडा धड मोजता येत नाही," असा शेरा मारला. नापास म्हणजे शिष्यवृत्ती बंद, आणि शिष्यवृत्ती बंद म्हणजे पोरगी बापाच्या मशीनवर काजं करायला बसणार. ती आमच्या टेबलाशी येऊन रडली.

बाई तडक उठल्या. स्टूल ओढलं, वर चढल्या आणि स्वतःचा धूळ खात पडलेला प्रबंध खाली काढला.

प्राचार्यांच्या खोलीत कात्रीसर चहा पीत बसले होते; बाईंच्या मागून मी हजेरीबुक घेऊन गेले आणि मुद्दाम दाराशीच उभी राहिले. बाईंनी प्रबंधाचं शेवटचं पान उघडलं. तिथे त्यांनी स्वतः चिकटवलेला दुरुस्तीचा कागद होता. एक कामगार बाई वर्षाच्या मध्यात लग्न करून नव्या नावाने आली, म्हणून बाईंनी तिला दोनदा मोजलं होतं आणि आकडा दोनशे बारा झाला होता. हजेरीबुकात तिच्या कामगार-बिल्ल्याचा नंबर मात्र एकच. पोरीने नावं सोडून बिल्ले मोजले होते.

"चूक माझी," बाई म्हणाल्या. "पण माझी चूक सरांच्या पुस्तकात कशी गेली, हे त्यांनी सांगावं."

अहो, चोराला शेवटच्या पानापर्यंत वाचायचा धीर कुठला!

लाज वाटली असेल? छे! चहाचा घोट घेऊन सर म्हणाले, "बघा प्राचार्य, बाईंच्या निष्काळजीपणामुळे माझं पुस्तक नासलं." आणि प्राचार्यांनी मान डोलावली! पोरीला पास केलं, तेही काठावर, आणि विषय मिटवला.

चार महिन्यांत सरांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली. मी पुस्तकांचा गठ्ठा सोडला, बाईंनी पान उघडलं. बायका दोनशे अकरा. खाली बिल्ल्यांचा सगळा हिशोब, पोरीच्याच शब्दांत. पोरीचं नाव नाही. प्रस्तावनेत लिहिलंय, "अथक परिश्रमांनी आकडे पुन्हा तपासले." थू!

यावेळी बाई 'जाऊ दे' म्हणाल्या नाहीत. चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि प्रत्येक प्रतीसाठी एकेक लिहिली. 'आधीचा चुकीचा आकडा माझा,' आणि स्वतःची सही. खाली पोरीचं पूर्ण नाव, 'बरोबर आकडा हिचा,' आणि तिच्या वहीचा पान नंबर. मी डिंक लावत होते, दाबून, कोपऱ्यापर्यंत.

"बाई," मी म्हटलं, "चोराचं नाव राहिलं की."

बाईंनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "ते मुखपृष्ठावर छापलंय."