सुतळीकाकांची पिन

त्यांना सगळे सुतळीकाका म्हणत, कारण ते विजार सुतळीने बांधत. हौस म्हणून नव्हे. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणं ही त्यांची नोकरी, आणि मोजणीच्या लाकडी खोलीत जाताना अंगावर तसूभरही लोखंड चालत नसे. घड्याळ, किल्ल्या, पट्टा, सगळं दाराबाहेरच्या टोपलीत. एकतीस वर्षांत त्यांच्या एकाही आकड्यावर काट बसली नव्हती. याचा त्यांना भलताच अभिमान होता. निवृत्तीला आठ दिवस उरले होते.

त्या दिवशी सकाळी अकरा चाळीसला आकडा रोजच्यापेक्षा ऐंशीने जास्त आला. काकांनी तो नोंदवला, बाहेर आले, सदऱ्याचा गळा सैल करायला गेले आणि बोटाला पिन टोचली. सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून बायकोने सकाळी घाईघाईत पिन लावून दिली होती. पिन लोखंडी.

त्यांनी लगेच वहीत लिहिलं : 'अंगावर पिन. आकडा रद्द समजावा.' साहेबांनी हळहळत आकडा खोडायला लाल पेन काढून ठेवलं.

बायको आवाराच्या दुसऱ्या टोकाला, रेडिओच्या खोलीत कामाला. वातावरणात फार उंचावर विजेने भारलेला एक थर असतो. तिकडे लहरी सोडून त्याची उंची बघायची, हे तिचं काम. डबा खाताना काकांनी सगळं सांगितलं.

"किती वाजता म्हणालात?"

"अकरा चाळीस."

"अहो, माझा थर त्याच मिनिटाला वर चढला. तोही पिनेनेच उचलला का?"

ती तडक आपला कागद घेऊन साहेबांपुढे उभी राहिली. साहेबांनी तो दोनदा पाहिला. "सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या वाऱ्याने पृथ्वीभोवतीच्या चुंबकी कवचाला धक्का दिला असणार," ते म्हणाले. "तिथलं विद्युतक्षेत्र चुंबकरेषांवरून ध्रुवांकडच्या थरात उतरलं आणि बघता बघता इथवर आलं. थर चढला, त्यातला प्रवाह वाढला, म्हणून खाली यांचा आकडाही चढला. सगळं मान्य. पण पिनेचं काय?"

"मोजा की तिलाही."

दुसऱ्या दिवशी वर सगळं शांत होतं. काका तोच सदरा घालून एकदा पिनेसकट आत गेले, एकदा पिनेशिवाय. फरक निघाला दोन.

साहेबांनी लाल पेन खिशात ठेवलं. काकांनी वहीत लिहिलं : 'अठ्ठ्याहत्तर आभाळाचे, दोन पिनेचे.' पण त्या दोनाकडे ते बघतच राहिले. एकतीस वर्षांतला पहिला डाग, आणि तोही जाता जाता. त्यांना फार वाईट वाटलं.

बायकोने वही ओढली, खाली लिहिलं, 'पिन माझी', आणि सही ठोकली.