दोन्ही कागद तिचेच

तालुक्याच्या दवाखान्यातली डॉक्टरीण धडधाकट म्हातारे हुडकत गावात आली. घरची भाषा कन्नड, मराठी इथलीच ऐकून ऐकून शिकलेली. दुखणं नसलेली माणसं पाहिजे होती तिला. आमची दोघांची नावं लागली.

"गालातल्या फोडाचं सांगा की," बायको कानात पुटपुटली. मी तिला कोपर मारलं.

काम सोपं होतं. उठल्याबरोबर, दुपारी आन् सांजच्याला नळीत थुंकायचं. त्या दिवशी तंबाखू न्हाई. मला ते कुठलं जमायलंय? तांबडं फुटायच्या आधीच चिमूट गालात गेली. तिला म्हणलं, "माझ्या नळ्या बी तूच भर. थुंकीवर काय नाव लिहिलेलं असतंय?"

"पाप लागंल बघा," म्हणत तिनं सहाच्या सहा नळ्या भरल्या.

महिनाभरानं भाकरी थापता थापता ती परातीवर वाकली, ती उठलीच न्हाई.

दिवसकार्य झालं आन् डॉक्टरीण कागद घेऊन दारात. तिला काय ठाऊक नव्हतं. ओट्यावर बसून तिनं माझा कागद काढला.

"अज्जा, मूत्रपिंडावर दोन ग्रंथी असतात. घोर लागला की त्यातनं रस सुटतो. सकाळी तो जास्त असतो, सांजेला उतरायला पाहिजे. तुमचा उतरतच न्हाई. अंगाला आतनं गंज चढतो, तो थोपवायची ताकद बी कमी. कसला घोर करायलात?"

"मी? मी तर पडल्या पडल्या घोरत होतो."

"अज्जीचा कागद बी अगदी तसाच हाय. लई वर्षं संगं राहिलं की माणसं सारखी होतात का काय!" ती हसली. "अज्जी कुठायत?"

मी दोन्ही कागद घेतले. हातात दोन कागद, दोन्ही तिचेच.

रोज सांजच्याला दिवा लावून ती उंबऱ्यात बसायची. "तोंड उघडा की जरा. फोड अजून पांढराच हाय का?"

"तुला दुसरं काम न्हाई व्हय?" मी खेकसायचो. ती गप व्हायची. मला वाटायचं, गप हाय म्हणजे बरी हाय.

घोर माझ्या गालाचाच होता का आणखी कशाचा, आता कुणाला विचारू?

डॉक्टरणीला सगळं सांगून टाकलं. बायको गेली ते बी, नळ्या कुणी भरल्या ते बी. वाटलं, शिव्या देईल. तिनं माझ्या नावावर काट मारली आन् पिशवीतनं रिकामी नळी काढली.

"एक तरी तुमची स्वतःची द्या, अज्जा. आधी तोंड उघडा."

चिमूट थुंकली, चूळ भरली. तोंड दोन बोटांच्या वर उघडंना. आत बॅटरी मारून ती गप झाली. बायको व्हायची तशीच.

मग नळी ओठाला लावून बसलो. थुंकी येईना. जीभ टाळूला चिकटलेली, सगळं तोंड कोरडं ठाक.