पाठकोरी पानं

शाश्वत विकासाच्या प्रकल्पवह्या तपासून झाल्या की रद्दीत जातात. यंदाही गेल्या. साठ मुलं, साठ प्लॅस्टिकच्या फायली, आणि आमच्या कॉलेजचा नियम असा, की पानाच्या एकाच बाजूला लिहायचं. 'कागद वाचवा' हेही मुलांनी तसंच लिहिलं, मागची बाजू कोरी ठेवून. मी त्याखाली लाल शाईनं बरोबरची खूण केली.

आज स्टाफरूमच्या कोपऱ्यात आमच्या शिपाई शांतामावशी त्याच फायली सोडवत बसल्या होत्या. पाठकोरी पानं जुळवून त्या दाभणानं वह्या शिवत होत्या.

"कुणासाठी हो मावशी?"

"नातीला, सर. गणितं करायला. वर्षभर पुरतात."

बारा वर्षं हा विषय शिकवून मी दमलोय. नियम बदलावा असं क्षणभर वाटलं. पण त्याला बैठक लागते, बैठकीला परिपत्रक लागतं, आणि परिपत्रकही आम्ही एकाच बाजूला छापतो.

मावशींनी दोरा दातानं तोडला. "तुम्हाला देऊ का एक?"

मी वही घेतली. पहिलं कोरं पान उलटलं, तर मागे 'कागद वाचवा', आणि त्याखाली माझी लाल खूण.