हुदहुदाच्या भोकातला नाग

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत चार जणांना येऊरच्या बिबट्याची गोष्ट सांगत होतो. बिबट्या नऊ फुटांवरून अकरा फुटांवर गेलेला, तेवढ्यात हॉस्पिटलमधून वहिनींचा आवाज कानावर आला, ‘भावजी, हे सकाळी गेले...’ बिबट्या तिथेच राहिला. महिना झाला, पुढे काय झालं हे कुणी विचारलेलं नाही.

दिगंबर कल्याणच्या एका कचेरीत नकाशे काढायचा आणि वर्तकनगरात माझ्या खालच्या मजल्यावर राहायचा. रविवारी पहाटे उठून खडवलीला, नदीकाठी, गळ्यात दुर्बीण. एकदा मीही त्याच्याबरोबर गेलेलो. चार तासांत त्याने मला सतरा पक्षी दाखवले. घरी येईपर्यंत मी त्यांचे तीनशे केले, त्यातला एक तर खास माझी चौकशी करायला सैबेरियाहून आलेला. दिगू शेजारी बसून ऐकायचा आणि म्हणायचा, ‘अरे, पक्ष्यांना लाज वाटेल रे!’ माझ्या थापांवर इतकं मनापासून हसणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वीचा मार्च असेल. आमच्या इमारतीचा जुना पाइप काढल्यावर माझ्या गॅलरीच्या शेजारी, हात लांब केला तर पोचेल असं, भिंतीत एक भोक राहिलेलं. त्यात हुदहुदाच्या जोडीने संसार मांडला. मादी आत अंड्यांवर, नर दिवसभर मैदानात चोच खुपसून अळ्या काढायचा आणि तिला आणून भरवायचा. बसताना डोक्यावरचा तुरा असा उघडायचा की वाटावं, लग्नाच्या वरातीत आलाय. पिल्लं झाली आणि भोकातून कुजक्या मटणासारखा वास यायला लागला. दिगू म्हणाला, हा वास मादी मुद्दाम अंगातून सोडते, मांजराने जवळ येऊ नये म्हणून. आणि पिल्लांना डिवचलं तर ती सापासारखी फुसकारतात.

मांजर लांब राहिलं. माणसं थोडीच राहतात? सोसायटीचे सेक्रेटरी नाना रोज खालून नाक धरून ओरडायचे, ‘काय मेलंय वर?’ शेवटी दिगू मला म्हणाला, ‘तीन आठवडे, पिल्लं उडेपर्यंत कुणी तिथे हात घालता कामा नये. मला नाही जमणार. तू सांग काहीतरी.’

मला असं कुणी सांगायचं नसतं. साधा साप सांगितला असता तरी भागलं असतं, पण साधं मला जमतं कुठे? मी नाग सांगितला. फण्यावर दहाचा आकडा, अंगावर केस, वय शंभराच्या पुढे. नानांनी गॅलरीतून काठी लांब करून भोकाला लावली, आणि आतून... फूस्स! नाना उलटे माझ्या तुळशीत पडले. दिगू त्या संध्याकाळी पोट धरून हसला. ‘जिंकलास रे!’

चार दिवस भोकाकडे कुणी फिरकलं नाही. पाचव्या दिवशी रविवार, दिगू खडवलीला. दुपारी बारा वाजता नाना गवंड्याला घेऊन माझ्या दारात. ‘नाग म्हणजे चेष्टा नाही हो. पोराबाळांची बिल्डिंग आहे.’ सापाचं बीळ बुजवतात तसं, आधी काचांचे तुकडे, मग सिमेंट. मागे दहा-पंधरा जण, सगळे माझ्याकडे आदराने बघतायत, मीच तो धोका ओळखणारा! तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं, ‘मी थाप मारली, आत पक्षी आहेत.’ ते माझ्याच्याने बोलवलं नाही. गवंड्याला मी चहा दिला. मनात म्हटलं, दिगू संध्याकाळी येईल, ओलं सिमेंट उकरायला काय लागतं...

नर अर्ध्या तासाने आला. चोचीत अळी. सिमेंटवर बसायला गेला, घसरला, उडाला, परत आला. अंधार पडेपर्यंत तो येत होता. मी खुर्चीत बसून मोजत होतो, आणि हा एकच आकडा मी आजवर कुणाला वाढवून सांगितलेला नाही. सांगितलेलाच नाही.

दिगूने येऊन छिन्नीने भोक उघडलं. काचांनी त्याची बोटं फाटली. मादी आणि चार पिल्लं त्याने एकेक करून माझ्या गॅलरीत, वर्तमानपत्रावर ठेवली. मग विचारलं, ‘तू होतास?’

‘नाही रे, कल्याणला गेलेलो. हिने दार उघडलं असेल.’

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दिगूने तिच्याकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या गवंड्याच्या चहाच्या कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. ‘तुझी गोष्ट चांगली होती,’ म्हणाला, ‘फार चांगली.’

त्यानंतरही तो माझ्याकडे यायचा, चहा घ्यायचा, खंड्याबद्दल बोलायचा, वेड्या राघूबद्दल बोलायचा. पण कुठल्या झाडावर कुणाचं घरटं आहे, हे मात्र त्याने मला मरेपर्यंत सांगितलं नाही.

ते भोक त्याने कधी बुजवू दिलं नाही. दर मार्चमध्ये माझ्या गॅलरीत उभा राहून आत हात घालायचा, जाळी-धूळ काढायचा आणि खाली जायचा. हुदहुद पुन्हा आले नाहीत.

गेल्या आठवड्यात इमारतीचं रंगकाम काढलं. परांचीवरचा गवंडी भोकापाशी थांबला. ‘साहेब, हे बुजवू?’

‘नको.’

‘का? आत काय आहे?’

जिभेवर नाग आला होता, केसांसकट. तो गिळला. म्हटलं, ‘काही नाही. पक्षी होते. मी मारले.’

तो दात काढून हसला. ‘खालच्या लोकांनी सांगितलंय साहेब, तुमचं काही खरं धरायचं नाही.’ आणि आत काठी घालून, नीट दोनदा ढवळून, तो पुढच्या भिंतीला लागला.