प्रायमरखालचं वचन

बायबलमध्ये चित्रं काढतात, हे मला मोबाईलने शिकवलं. दुपारी शाळेतून आले की जेवून अर्धा तास आडवी व्हायचे आणि व्हिडिओ बघायचे. कुठल्या कुठल्या शहरांतल्या बायका आपलं बायबल टेबलावर उघडून बसायच्या. बाजूला रंग, ब्रश, कॉफीचा मग. आधी वचन वाचायचं, त्यावर मनन करायचं, आणि मनात जे येईल ते पानाच्या कडेला रंगवायचं. बघताना मला वाटायचं, हे तर आपल्याला सहज जमेल. मेहकरात ज्या खाजगी शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते, तिथले सगळे तक्ते माझ्याच हातचे आहेत.

पण त्या बायकांच्या बायबलला कडेने ऐसपैस कोरी जागा होती. माझं बायबल लग्नात चर्चच्या मंडळीने दिलेलं. पानावर दोन रकाने, बारीक अक्षरं, कागद इतका पातळ की मागचे शब्द पुढे दिसतात, आणि समास म्हणाल तर करंगळीही मावणार नाही. एका व्हिडिओत त्यावर तोड होती. पानाला पांढरा लेप द्यायचा, वाळला की त्यावर हवं ते रंगवायचं. तो खास लेप आमच्या गावात कुठून मिळणार? माळ्यावर मात्र घर रंगवलं तेव्हाचा भिंतीचा प्रायमर उरला होता. तोही पांढराच. मी तो खाली उतरवला.

लेप दिला की खालचं वचन झाकलं जाणार, एवढं मला कळत होतं. म्हणून कुणी वाचत नाही असं पान शोधलं. बायबलच्या जुन्या करारात एक अध्याय आहे. नगराची पडलेली भिंत लोक पुन्हा बांधतात, आणि कुणी कोणता भाग दुरुस्त केला, कुणी कोणत्या दाराला कड्या नि अडसर बसवले, याची नावानिशी यादी आहे. यादीच ती. त्यावर उपदेश झालेला मी तरी ऐकला नव्हता. यातली चार-पाच वचनं गेली तर देवाचं काय बिघडणार आहे, असा विचार मी केला. हा विचार आठवला की आजही कानशिलं गरम होतात.

आमच्या घरात बायबल जमिनीवर ठेवत नाहीत. सासूबाई डोक्यावर पदर घेतल्याशिवाय ते उघडत नसत. त्या आतल्या खोलीत झोपलेल्या असताना मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, फोडणीच्या डब्याशेजारी, पवित्र शास्त्राला प्रायमर लावला. पान वाळून पापडासारखं कडक झालं. त्यावर मी विटांची भिंत काढली, उघडं दार काढलं आणि दारावर मधुमालतीचा वेल चढवला. फोटो काढून स्टेटसला ठेवला. नणंदेने बदाम पाठवले, शाळेतल्या बाईंनी हात जोडले. खोटं कशाला सांगू, मी हवेत होते.

दर आठवड्याला मंडळीतल्या कुणाच्या तरी घरी संध्याकाळची प्रार्थना असते. मेहकरात आम्ही ख्रिस्ती माणसं मोजकीच, त्यामुळे एका खोलीत मावतो. प्रार्थनेत जुना करार पहिल्यापासून ओळीने वाचायचा प्रघात आहे, आणि तोही आळीपाळीने. एकाने एक वचन वाचायचं, मग शेजारच्याने पुढचं. परीक्षांच्या दिवसांत मी बरेचदा दांडी मारली होती. वाचन कुठवर आलंय याचा मला पत्ताच नव्हता. आमच्या घरची पाळी आली त्या संध्याकाळी चर्चच्या पाळकांनी चष्मा लावला आणि भिंतीचा अध्याय काढायला सांगितला.

मी बायबल उघडलं आणि कुणाला चित्र दिसू नये म्हणून छातीजवळ उभं धरलं. पाळकांनी पहिलं वचन वाचलं. मग त्यांच्या पत्नीने, मग माझ्या नवऱ्याने. वचनं एकेक करून माझ्याकडे यायला लागली. बोटाने ओळी मोजल्या, तर माझ्या वाट्याचं वचन नेमकं दाराच्या चौकटीखाली गेलेलं. शेजारणीच्या मोबाईलमधल्या बायबलात डोकावून वाचता आलं असतं. ‘माझ्या पानाला काहीतरी लागलंय’ असंही सांगता आलं असतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते आणि समोर खाटेवर सासूबाई बसल्या होत्या, मोतीबिंदूने पांढुरके झालेले डोळे माझ्या आवाजाच्या दिशेने लावून. माझ्या तोंडून निघालं,

“आणि त्यांच्या पलीकडे एका विधवेने आपल्या दारासमोरची भिंत बांधली. तिचे डोळे मंद झाले होते, पण परमेश्वराने तिचा हात धरला.”

पाळकांच्या पत्नी मोबाईलवरचं पान वर-खाली करत म्हणाल्या, “माझ्यात तर वेगळंच आहे.” मी म्हटलं, “माझं जुनं भाषांतर आहे.” आमच्यात हे नेहमीचंच. कुणाकडे जुनं बायबल, कुणाकडे सोप्या मराठीतलं, शब्द कधी जुळत नाहीत. पाळकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, “पुढचं.” आणि वाचन पुढे गेलं.

सासूबाई मात्र त्या विधवेपाशीच थांबल्या होत्या. सगळे गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

“त्या विधवाचं नाव नाही लिव्हलं काय वं?”

“नाही, आई. नाव दिलेलं नाही.”

“बाकीच्याइचे तं सगळ्याइचे हायेत.” त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, “नसन. विधवाचं कोन लिव्हते. पन भिंत तं बांधली ना तिनं.”

सासरे गेले तेव्हा माझा नवरा शाळकरी होता. दुसऱ्यांच्या घरचा स्वयंपाक करून सासूबाईंनी त्याला वाढवलं. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की त्या तोंड फिरवायच्या. त्यांच्या चुलत बहिणीचा डोळा ऑपरेशननंतर कायमचा गेला होता. नवरा समजावून थकला, पाळक थकले. माझ्या त्या वाक्यानंतर आठवड्याभरात त्याच आपणहून म्हणाल्या, “डोयाच्या शिबिरात नाव टाक माह्यं. देवानं तिचा हात धरला तं माहाही धरीन.”

नवरा इतका खूश झाला की मी तोंड उघडलं नाही. मनाशी म्हटलं, खोट्यातून चांगलंच होतंय ना. त्या मला रोज ते वचन वाचायला लावत. मी कडक पान उघडून, वेलाकडे बघत, वाक्य म्हणून दाखवायचे. एकही शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून ते पाठ करावं लागलं होतं. देवाचं एकही वचन मी इतकं चोख पाठ केलेलं नाही. शिबिराच्या गाडीत त्या शेजारच्या म्हातारीला सांगत होत्या, “हे माही सून. वचन लय बेस वाचते.” मी खिडकीबाहेर बघत बसले. मला त्या गाडीतून उतरून जावंसं वाटत होतं.

एक डोळा चांगला झाला. औषधाचे थेंब संपले, काळा चष्मा जाऊन वाचायचा आला, आणि एका रविवारी दुपारी सासूबाईंनी कपाटावरून स्वतःचं बायबल काढलं. मोठ्या अक्षरांचं, फडक्यात बांधलेलं. मी कणीक मळत होते. बाहेरून त्यांचा आवाज येत होता, अक्षराला अक्षर जोडत वाचणारा. एक नाव, दुसरं नाव, अमक्याने दार बसवलं, तमक्याने अडसर. अध्याय संपला, तसा त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. माझे हात परातीतच थांबले होते.

“इकडं ये वं. मले ते विधवा सापडूनच नाही राह्यली. तू दाखव बरं.”

जुन्या भाषांतराची सबब पुन्हा जिभेवर आली होती. पण त्यांच्या हातात माझ्यापेक्षाही जुनं बायबल होतं. मी कणकेचे हात धुतले आणि माझं बायबल आणून त्यांच्या मांडीवर उघडलं.

त्यांनी पानावरून बोट फिरवलं. “हे काय लावलं?”

“प्रायमर.”

“भिताडाचा?”

“हो. चित्र काढायला. खालचं वचन मला दिसत नव्हतं. तुम्ही समोर बसला होता, म्हणून ती बाई सुचली. मी मनानंच सांगितलं, आई.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चित्र नीट बघितलं, दार, विटा, वेल, सगळं. मग म्हणाल्या, “म्या त्या बाईच्या भरवशावर डोया कापू देल्ला.” चष्मा काढून ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

दुसऱ्या डोळ्याची तारीख जवळ आली तशी त्यांनी नाही म्हणायला सुरुवात केली. “एक डोया पुरे हाय मले.” कारण त्या सांगत नव्हत्या. नवऱ्याला त्यांनी माझं नाव कळू दिलं नाही, ही त्यांची कृपा, आणि तीच मला जास्त बोचत होती. तो बिचारा मला म्हणाला, “तू वाचून दाखव ना तिले ते विधवाचं. तुह्यं आयकते थे.” मी भाजी चिरत होते. मान खाली घालून चिरतच राहिले.

त्या रात्री मी ओल्या कापसाने एका कोपऱ्यातला प्रायमर काढायचा प्रयत्न केला. प्रायमरसोबत अक्षरंही निघून आली. वचन मी नुसतं झाकलं नव्हतं, पुसलं होतं. आता ते माझ्या बायबलात परत आणायचा मला पटणारा एकच मार्ग उरला होता, आणि तो सासूबाईंच्या खाटेवरून जात होता.

सकाळी मी पेन घेऊन त्यांच्यापुढे बसले. म्हटलं, “आई, माझ्या पानावरची वचनं गेली. तुमच्यातून सांगता का? मी लिहिते.”

त्यांनी डोक्यावर पदर घेतला, बायबल घेतलं आणि एका डोळ्याने वाचायला लागल्या. त्या सांगत गेल्या आणि मी रंगवलेल्या एकेका विटेवर लिहीत गेले. अवघड नावं त्या दोनदा सांगायच्या. एका ठिकाणी मी घाई केली तर म्हणाल्या, “पाहून लिव्ह. आपल्या मनानं नोको घालू.” मी हूं म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पानावर पडू नये म्हणून मान मागे घेतली.

वचनं संपली तरी दाराजवळची एक वीट कोरी उरली. मी पेन धरून थांबले. खरं सांगते, मला आशा होती. त्या म्हणतील, तिथे त्या विधवेचं काहीतरी लिही, आणि आमचं मिटेल.

त्यांनी वाकून ती वीट पाहिली. “तिथं काई लिव्हू नोको,” म्हणाल्या. बायबल मिटून फडक्यात बांधताना त्यांनी विचारलं, “गाडी कोन्त्या दिवशी हाय?”

शिबिराच्या दिवशी निघताना मी माझं बायबल पिशवीत टाकलं. त्यांनी ते पाहिलं. “माह्यं घे,” एवढंच म्हणाल्या. मी माझं कपाटात परत ठेवलं आणि त्यांचं घेतलं. ऑपरेशनला आत नेण्याआधी त्यांनी त्यातलं त्यांना हवं ते वचन स्वतः उघडलं, स्वतः वाचलं. मला वाचायला सांगितलं नाही. मी त्यांचा हात धरला, त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

तेवढ्यात थेंब घालायला नर्स आली. तिने सहज विचारलं, “आजी, सोबत कोण आहे?”

“सून हाय,” सासूबाई म्हणाल्या. “चित्रं लय बेस काढते.”

मागच्या वेळी गाडीत ऐकलेलं पुढचं अर्धं वाक्य मला पाठ होतं. मी त्याची वाट बघत उभी राहिले. नर्सने त्यांना दंडाला धरून उठवलं आणि त्या आत गेल्या.