प्लास्टिकमधलं कोडबुक

तलासरीच्या आमच्या पाड्यावर माझ्या लहानपणी कागद म्हटला की धडकी भरायची. वडील झाईला मासेमारीच्या बोटीवर, आई चिकूच्या वाडीत. दवाखान्याची चिठ्ठी वाचून घ्यायलासुद्धा आई मास्तरांच्या दारात ताटकळत उभी राहायची. अशा घरातून पदवी घेणारी मी पहिली. हे मी सांगते, आणि सांगणारच.

पुढे मेडिकल कोडिंगचं प्रमाणपत्र मिळवलं. डॉक्टरांनी लिहिलेला आजार आणि उपचार ठरलेल्या कोडमध्ये बसवायचे, हे माझं काम. शेकडो कोड मला तोंडपाठ. पण हे प्रमाणपत्र पदवीसारखं कायमचं नाही. कोड दरवर्षी बदलतात. दोन वर्षांत ठरावीक तास नवीन शिकल्याचं दाखवलं नाही, तर ते रद्द, आणि मागोमाग नोकरीही.

वडिलांना हे पटेना. "पास झालेलीस ना तू?"

"झालेले. पण परत दाखवायला लागतं."

"म्हणजे रेशनकार्डाची केवायसी," आई म्हणाली. "माणूस तोच, अंगठा तोच, तरी परत ये!"

मुदतीला चार दिवस उरले होते. शेवटच्या धड्याच्या चाचणीत मी दोनदा नापास झाले. आता एकच संधी होती. घरातून अंगणात, अंगणातून घरात, नुसत्या फेऱ्या. ऑफिसात सॉफ्टवेअर चूक लाल करून दाखवतं, म्हणून माझं पाठांतर शिळं झालंय हे कळलंच नव्हतं.

"पुस्तकात बघ की," आई म्हणाली.

चाचणी देताना कोडबुक बघायची मुभा होती, पण नवं कोडबुक आल्या दिवसापासून कपाटात प्लास्टिकमध्येच होतं. आमच्याकडे नवी वस्तू अशीच राहते. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिकही अजून निघालेलं नाही. पुस्तकाला हात लावू नकोस, असं मीच आईला बजावलं होतं.

"मळेल गं."

"मग काय पूजेला ठेवतेस?" तिने पुस्तक काढलं, विळीच्या टोकाने प्लास्टिक फाडलं आणि माझ्या मांडीवर टाकलं. "बघ. नुसती फिरू नको."

बघितलं. मला पाठ असलेले काही कोड बादच झाले होते. एकाच्या जागी तर पाच नवे आले होते. दोन दिवस पेन घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी चाचणी दिली, प्रत्येक उत्तर पुस्तकात शोधून, पाठ असलेलंही.

पास झाले. तास पूर्ण भरले. माझं प्रमाणपत्र पुढची दोन वर्षं वैध आहे आणि नोकरी चालू आहे.